उसने हात

३ फेब्रुवारी

ताई,

‘प्रिय’ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि शेवटी नुसत्या ‘ताई’वर आले. काम आहे म्हणून लिहितेय, हे आधीच सांगून टाकते. बिनकामाचं कोणी दुकानाची पायरी चढलं तरी तुझ्या कपाळाला आठ्या पडायच्या.

इथल्या संग्रहालयाने माझी चित्रं एकत्र मांडायचं ठरवलंय. मी काढलेली माझीच चित्रं, एकूण एकेचाळीस. वेण्या घातलेल्या कॉलेजकन्येपासून परवाच्या चष्मेवाल्या म्हातारीपर्यंत. वीस एप्रिलला प्रदर्शन उघडेल. त्यात ते मोठं चित्रही आहे, ‘मी, सत्ताविसाव्या वर्षी’. इतक्या वर्षांच्या धुळीने ते काळवंडलं होतं, म्हणून साफसफाईला दिलंय. ते काम करणारी मुलगी तिशीची असेल. पांढरा कोट घालते, डोळ्याला भिंग लावते, सगळे तिला डॉक्टरीण म्हणतात.

काल तिने मला बोलावून घेतलं. हातात कापसाचा बोळा तसाच.

“मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार की.”

“हे हात तुमचे नाहीत.”

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, अगं, वय झालं, हात बदलतात. तर म्हणाली, “हात बदलतात, नखांची ठेवण बदलत नाही. आणि हे बघा, चेहऱ्यावर उजेड डावीकडून पडलाय, हातांवर उजवीकडून. त्या खोलीत दोन खिडक्या होत्या का?”

एकच होती. तुला वेगळं सांगायला नको. चेहरा काढताना मी कपाटाच्या आरशाकडे तोंड करून उभी राहायचे, आणि हात काढताना पाठ फिरवून तुझ्याकडे. खिडकी आपली जागच्या जागी. इतकी मोठमोठी माणसं त्या चित्रापुढे माना वाकड्या करून उभी राहिली, पण तेहतीस वर्षांत ही चूक कोणाच्या लक्षात आली नाही. मुलगी हुशार आहे. तुला आवडली असती.

आता मुद्दा. प्रत्येक चित्राशेजारी माहितीची पाटी लागणार, आणि पाट्यांचा मजकूर पंचवीस मार्चला छपाईला जाणार. डॉक्टरीण म्हणाली, “मला दिसलं ते मी लिहिणार. पण हात कोणाचे, ते तुम्ही सांगाल तसं.” मी म्हणाले, विचारून सांगते. म्हणून विचारतेय. तुझं नाव घालू की नको? एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

हे चित्र पहिल्यांदा लागलं तेव्हा तू प्रदर्शनातून एक शब्द न बोलता निघून गेलीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. झालं ते झालं.

तुझी,
ठिपकी


१५ फेब्रुवारी

ताई,

परवा भाऊजींचा फोन आला. आवाज इतका दबका, की आधी मला वाटलं घसा बसलाय. म्हणाले, पत्र पोचलं, पण तुझ्या ताईने फोडलं नाही. फेकलंही नाही. ‘दुरुस्तीसाठी आलेली’ लिहिलेल्या खणात ठेवलंय.

तो खण मला चांगला आठवतो. बाबा त्यात अशी घड्याळं ठेवायचे, ज्यांना हात लावायचा धीर होत नसे. गिऱ्हाईक चार खेपा घालायचं आणि बाबा म्हणायचे, सुटा भाग यायचाय. मीही तशीच खेपा घालतेय म्हण.

फोन ठेवल्यापासून आपलं ते घर डोळ्यांपुढून हलत नाही. खाली दुकान, वर आपण. भिंतीवरची झाडून सगळी घड्याळं वेगवेगळ्या वेळा दाखवायची, त्यामुळे आपल्याकडे दुपारचे बारा वाजायला चांगली वीस मिनिटं लागायची. पाहुणे हैराण व्हायचे. आपल्याला त्याचं काही नव्हतं, आपण त्या टणटणाटातही झोपायचो. आणि ते कपाट! आरशाचं दार नीट कोनात उघडं राहावं म्हणून खाली कागदाची घडी कोंबायला लागायची. घडी जरा सरकली की माझा अर्धा चेहरा गायब. तू म्हणायचीस, “राहू दे तसंच, हीच बाजू बरी आहे.”

हातांची भानगड आठवते ना? आरशात बघून स्वतःचं चित्र काढायचं म्हणजे चेहरा जमतो, मान जमते, पण उजवा हात कसा काढणार? तो काम करत असतो. तो कधी स्वस्थ दिसतच नाही. डाव्याने काढून पाहिलं, तर बोटांची मुळ्याची जुडी झाली. ती बघून तू पोट धरधरून हसलीस आणि म्हणालीस, “माझे घे. उसने.” एका बैठकीला आठवडाभराची भांडी, हा सौदाही तूच ठरवलास. मी घासघास घासली आणि तू खाटेवर बसलीस, दुकान बंद असायचं त्या दोन ते साडेतीनच्या वेळात. बाबांनी तुझ्या हाती चिमटा दिला तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. घड्याळाची केसाएवढी कमान धरून बसायची सवय, त्यामुळे तासभर तुझं बोट म्हणून हलायचं नाही. तुझ्यासारखं बसणारं मला नंतर कोणी भेटलं नाही.

तुझं ते डाव्या अंगठ्याचं वाढवलेलं नखही मी इमानेइतबारे काढलं. त्या नखावर एका समीक्षकाने अर्धं पान लिहिलंय, ते तुझ्या वाचनात आलं का? ‘या एका नखात स्त्रीचा पिढ्यानपिढ्यांचा दडपलेला संताप एकवटला आहे.’ अगं, ते घड्याळाचं मागचं झाकण उघडायचं नख! कात्रण हातात आलं तेव्हा मी पहिल्यांदा तुझ्याकडे बघून हसायला म्हणून वळले. खोलीत मी एकटीच होते.

पाटीचं कळव.

ठिपकी


२ मार्च

ताई,

दुसरं पत्रही खणात गेलं, असं भाऊजी सांगतात. दोन्हींना मिळून रबर लावलंयस म्हणे. म्हणजे तू वाचणारच नाहीस. मग एका अर्थी बरंच झालं. न वाचल्या जाणाऱ्या पत्रात माणूस खरं लिहू शकतं.

तर खरं लिहिते.

तू गेल्यानंतरच्या माझ्या चित्रांत हात नाहीत. लोकांनी त्यालाही नाव दिलं, ‘लपलेल्या हातांचा काळ’. तिशीतली मी शालीत गुरफटलेली. पस्तिशीतली हात मागे बांधलेली. तेव्हा ज्याच्यात मी गुंतले होते त्याने माझ्याशी संसार करायला नकार दिला होता आणि मला काढायचा होता राग, पण मुठी कुठून आणू? चाळिशीतल्या चित्रात ओले केस आणि नुसती मान. पन्नाशीत पाळी गेली. अंगातून वाफा निघायच्या, मध्येच रडू फुटायचं, तेव्हा गळ्यापासून वर लालबुंद झालेली मी काढली. हात चौकटीच्या खाली. बाई म्हणून जे जे अंगावरून गेलं ते सगळं मी चेहऱ्यावर काढत आले. हौसेने पावडर लावलेला चेहरा काढला, आणि कोणी बघत नसताना सुटलेलाही काढला. फोटोवरून हात काढून पाहिले. प्लास्टरचा साचा केला, तो मेल्यासारखा दिसला. दुसऱ्या मुली बसवल्या, त्या पाच मिनिटांत नाक खाजवायच्या. खरं कारण तेवढंच नव्हतं. दुसऱ्या कोणाचे हात माझे म्हणून लावायचे, हे मी एकदा केलं होतं. कानाला खडा लावला होता.

आता ती दुपार.

दवाखान्यातून तू सरळ आपल्या घरी आलीस. सातव्या महिन्यात बाळ जन्मलं होतं, पण रडलंच नाही. भाऊजी औषधं आणायला गेले. बाबा खाली काउंटरपाशी नुसते बसून होते. आईला जाऊन तोवर चार वर्षं झाली होती, त्यामुळे वर तुझ्यापाशी बसायला मीच. तू खाटेवर आपल्या नेहमीच्या जागी बसलीस. डावा हात मांडीवर उताणा, उजवा त्याच्यावर पालथा, आणि मध्ये जागा. त्या जागेत काहीतरी आहे असे धरलेले हात. तुझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात जराही हलत नव्हते.

मी उठून तुझ्याजवळ यायला हवं होतं. चार पावलांचं अंतर. मी चित्राच्या घोडीवर कापड लावलं, पाठ आरशाकडे केली आणि म्हणाले, “ताई, हलू नकोस. आहे तसं ठेव.”

आणि तू ठेवलंस. भाऊजी जिन्यावर येईपर्यंत, तासभर.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला सुचलं नाही, मी घाबरले होते, लहान होते. सत्ताविसाव्या वर्षी कसली लहान! मला दिसलं होतं की असे हात पुन्हा मिळणार नाहीत. तेवढंच दिसलं. नंतर आरशात बघून मी त्यावर माझा चेहरा काढला. तोही रडवेला काढला. रडू मला येत होतं, ते खोटं नव्हतं. पण ते दुःख माझं नव्हतं. पुढे तुला दुसरं मूल झालं नाही. मी मात्र त्या चित्राने नावारूपाला आले.

आणखी एक राहिलं. पहिल्या पत्रात मी लिहिलं, तू एक शब्द न बोलता निघून गेलीस. तेव्हा मी काय बोलले होते, ते मात्र गाळलं. त्या वर्तमानपत्रवाल्या बाईंनी विचारलं, “हे हात कुठून आले?” तू दोन पावलांवर चहाचा कप घेऊन उभी होतीस. मला माहीत होतं तू उभी आहेस. मी म्हणाले, “आतून. माझ्या आतून.” तू कप खिडकीत ठेवलास, अगदी आवाज न करता, आणि गेलीस.

बाबा गेले तेव्हा घरी आले होते. तू विचारलंस, “चहा घेतलास का?” तेहतीस वर्षांत आपलं एवढंच बोलणं. तेव्हाही माझ्या तोंडून माफीचा शब्द फुटला नाही. ‘हो, घेतला’ म्हणाले. घेतलाही नव्हता.

ठीक आहे. हे पत्रही रबरात जाईल. जाऊ दे.

ठिपकी


१२ मार्च

ताई,

भाऊजींचा आत्ता फोन येऊन गेला. तू रविवारी तिन्ही पत्रं एकदम फोडलीस. कामाच्या टेबलावर, दिव्याखाली, ओळीने लावून, भिंग डोळ्याला. भाऊजी म्हणाले, “उघडलेलं घड्याळ बघते ना, तसं वाचत होती. मी चहा ठेवला तो तसाच गार झाला.”

तिसरं पत्र मी, तू वाचणार नाहीस अशा भरवशावर लिहिलं होतं. हे काही पत्र नव्हे. फक्त एवढंच, की वाचलंस तर वाचलंस. त्यातला एकही शब्द परत घेत नाही. पाटीचं तुला नको असेल तर मी डॉक्टरणीला सांगेन की हात कल्पनेतले. लोकांच्या तोंडी तुझं दुःख जायला नको.

ठिपकी


१७ मार्च

ठिपके,

पाटीचं तोंडी सांगेन. गुरुवारी सकाळच्या गाडीने येते, चार दिवस राहीन. हे घर सांभाळतील. मला जिने चढवत नाहीत, तुझं घर कितव्या मजल्यावर आहे ते कळव. कल्पनेतले वगैरे काही सांगू नकोस कोणाला.

तुझ्या वाटणीच्या भांड्यांचा मोरीत ढीग असायचा, तसा अजून असतो का? घासून ठेव.

ताई


२६ मार्च

ताई,

तू पोचल्याचं भाऊजींनी कळवलं. तू काल गाडीत बसलीस आणि मी हात हलवत उभी राहिले. बोलायचं सगळं तोंडाशी येऊन राहिलं, म्हणून हा कागद. तुला सगळं माहीतच आहे, तरी लिहिते. लिहिलं की मला ते पुन्हा बघता येतं.

दारात उभी राहून तू आधी माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंस. “सात मिनिटं मागे.” मी म्हटलं, ताई, आधी आत तरी ये. तू चप्पल काढायच्या आधी स्टूल मागितलंस. तेव्हाच तुझे हात दिसले. बोटांचे सांधे सुजलेले, अंगठ्याचं नख नाही. मी बघतेय हे बघून म्हणालीस, “आता मनगटी घड्याळ उघडायला चाकू लागतो. बघून घे एकदाचं.”

दुसऱ्या दिवशी आपण संग्रहालयात गेलो. डॉक्टरणीने चित्र टेबलावर आडवं ठेवलं होतं. धूळ निघून रंग असे वर आले होते, की मलाच ते ताजं वाटलं. तिने आधी तुझ्या हातांकडे पाहिलं, मग चित्राकडे, आणि शहाण्या मुलीसारखी चहा आणायच्या निमित्ताने बाहेर गेली.

तू चित्रावर वाकलीस. मग म्हणालीस, “बरे काढलेत.”

माझ्याच्याने राहवेना. मी म्हणाले, “ताई, तेव्हा मी उठून तुझ्यापाशी यायला हवं होतं.”

“हवं होतं,” तू म्हणालीस. “वाट बघितली मी. पण तुझ्या पत्रात त्याचाच पाढा आहे, आणि मला राग त्याचा नव्हता. सगळे मला सांगत होते, रडू नको, विसर, पुढचं बघ. हेसुद्धा सांगत होते, बाबासुद्धा. तू एकटी म्हणालीस, आहे तसं ठेव. मला तेव्हा तेच हवं होतं. पाच मिनिटं बाळ दिलं होतं गं माझ्या हातात, मग घेऊन गेले. हात खाली केले असते तर तेही गेलं असतं.”

मग तू तुझी ती सुजलेली बोटं चित्राच्या वर धरलीस. न टेकवता, त्या दोन हातांच्या मधल्या जागेवर.

“एवढंच होतं,” म्हणालीस. “अगदी एवढं. फोटो नाही, नाव नाही, कागदावर कुठे नोंद नाही. जगात त्याचं म्हणून हेच आहे, ही मधली जागा. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, माझ्या आतून आलं. तुझ्या आतून कसं येईल? ते माझं होतं.”

ताई, तेहतीस वर्षं मी चुकीच्या गोष्टीची माफी मनात घोळवत होते. चेहरा वाचण्यात आयुष्य गेलं म्हणवणारी मी. त्या चित्रात बाळ आहे, हे मी काढूनही मला दिसलं नव्हतं.

मी रडले आणि तू नाही रडलीस. पदराने माझं तोंड पुसलंस, नाकसुद्धा, पाच वर्षांच्या पोरीचं पुसावं तसं. डॉक्टरीण चहा घेऊन आली तर आपण दोघी तशा. तिला तू म्हणालीस, “पाटीवर लिही बाई: चेहरा चित्रकर्तीचा, हात तिच्या मोठ्या बहिणीचे. नाव नको. कोणाची बहीण ते कळतंच आहे. आणि उजेडाचं काय ते लिही हो, ती चूक हिचीच आहे.” डॉक्टरणीने विचारलं, “आणि हात असे का धरलेत, ते?” तू म्हणालीस, “ते आम्हाला माहीत आहे.” काल मजकूर छपाईला गेला. त्यात एवढंच आहे, एक अक्षर जास्त नाही.

मी काढलं म्हणून ते राहिलं, असं तू एकदाही म्हणाली नाहीस, आणि मीही म्हणणार नाही. पण जाता जाता तू वळून त्या चित्राकडे बघितलंस आणि डॉक्टरणीला विचारलंस, “हे इथे नीट राहील ना? ओल बिल नाही ना?” तेवढं मी ऐकलं.

आता कालची सकाळ. त्याच्यासाठीच खरं तर कागद घेतला. तू निघायच्या आधी आपण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. भांडी मी घासली होती. तुझे हात टेबलावर होते, खिडकीतून उजेड येत होता, आणि सवयीने माझा हात पेन्सिलीकडे गेला. तुला ते दिसलं. तू माझा उजवा हात धरलास, मग डावाही धरलास, आणि दोन्ही टेबलावर तुझ्या हातांत ठेवलेस.

“बस जरा,” म्हणालीस.

मला माझा उजवा हात दिसला. साठ वर्षांत पहिल्यांदा, काही न करणारा. करंगळीशी निळा रंग वाळलेला, मधल्या बोटाला ब्रशचा घट्टा, मनगटाशी सुरकुत्या. आईच्या हातासारखा दिसतो गं तो. मला माहीतच नव्हतं. दोन्ही हात तुझ्याकडे असल्यामुळे काढता मात्र काही आलं नाही.

तो तसाच राहावा म्हणून मी श्वाससुद्धा रोखून धरला होता. तुझ्या ते ध्यानात आलं असावं. तू माझ्या बोटांवर बोटं फिरवलीस आणि म्हणालीस,

“अगं, हललीस तरी चालेल.”

तुझी,
ठिपकी